लग्नासाठी फोटोग्राफर ठरवताना नेमकं काय विचारायचं?

चौकस

मंडळी, घरात लग्न आहे आणि फोटोग्राफर ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीन कोटेशनं आली आहेत. तिन्हींत कँडिड, ट्रॅडिशनल, सिनेमॅटिक, अल्बम, 'अनलिमिटेड फोटो' हेच शब्द मागेपुढे करून लिहिलेत, पण सगळ्यात वरचा आकडा खालच्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. इन्स्टाग्रामवर बघावं तर तिघांचंही काम छान.

या आठवड्यात तिघांना भेटणार आहे. मुख्य विधी संध्याकाळी, हॉलच्या आत, स्टेजवर रंगीत एलईडी. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही हवंय. कॅमेरा कोणता वापरता हे विचारून काही कळतं का? नसेल तर काय विचारू, आणि समोरचा खरं सांगतोय की नुसतं गोड बोलतोय हे कसं ओळखू?

लेन्सकॅप

कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून फारसं कळत नाही. अलीकडचा कुठलाही बरा फुल-फ्रेम कॅमेरा लग्नाला पुरतो.

पहिली मागणी ही करा: 'एका लग्नाची अख्खी गॅलरी दाखवा, घरच्यांना दिली तशीच.' इन्स्टावरचे वीस फोटो वीस लग्नांतून वेचलेले असतात, अख्ख्या गॅलरीत लपवायला जागा नसते. आणि ती तुमच्यासारख्या प्रकाशातली मागा: रात्र, हॉल, रंगीत दिवे. उतरत्या उन्हात बागेत काढलेले फोटो कोणाचेही बरे येतात.

गॅलरी उघडल्यावर डोळ्यांत भरणारे फोटो सोडून द्या, मधले बघा. चालत येणाऱ्या माणसांचे हात आणि चेहरे पुसट झालेत का? चालत्या माणसाला शटर (म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ) साधारण सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढं तरी लागतं. प्रकाश कमी पडला म्हणून ते साठाव्या भागावर आणलं की माणूस हलतो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेवर झूम करा. पुढचे चेहरे स्वच्छ आणि मागचे धूसर असतील तर लेन्स पूर्ण उघडी ठेवून ग्रुप काढलाय. तीन रांगांना एफ ५.६ ते ८ च्या आसपास जावं लागतं (एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं तोंड लहान: प्रकाश कमी, पण मागपर्यंत स्वच्छ), आणि हॉलमध्ये ते फ्लॅशशिवाय जमत नाही. मग एकच माणूस लागोपाठच्या चार फोटोंत बघा. एकात पिवळा, दुसऱ्यात गुलाबी दिसत असेल तर एडिटिंग घाईत उरकलंय.

लेन्सबद्दल मात्र जरूर विचारा. उत्तरात २४-७० आणि ७०-२०० मिमीच्या एफ २.८ वाल्या झूम लेन्स, किंवा ३५, ५०, ८५ मिमीच्या एफ १.४-१.८ वाल्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स यायला हव्यात. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे २.८ च्या तुलनेत चौथाई प्रकाश. ती तूट आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) चढवून भरतात आणि चेहऱ्यांवर दाणे उमटतात.

आता तुमचे रंगीत एलईडी. तुमच्या बाबतीत खरी डोकेदुखी हीच आहे. चेहऱ्यावर निव्वळ निळा प्रकाश असेल तर सेन्सरपर्यंत (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) लाल रंग जवळपास पोचतच नाही, आणि जो रंग टिपलाच गेला नाही तो एडिटिंगमध्ये कुठून आणणार? असे फोटो शेवटी ब्लॅक अँड व्हाइट करून देतात आणि त्याला 'क्लासिक लूक' म्हणतात. म्हणून विचारा, 'रंगीत दिव्यांत चेहरे कसे सांभाळता?' 'लाइटवाल्याशी आधी बोलून घेतो, रंग मागच्या पडद्यावर ठेवायला लावतो, चेहऱ्यावर समोरून पांढरा दिवा घेतो' अशा अर्थाचं काही ऐकू आलं तर माणूस कामाचा. 'एडिटमध्ये करून देऊ' म्हणाला तर पुढच्याकडे जा.

त्यातच अजून एक. मंद केलेले एलईडी बऱ्याचदा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात. कॅमेरा सायलेंट मोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर फोटोवर पट्टे उमटतात, आणि ते साफ करणं फार जिकिरीचं. उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर किंवा अँटी-फ्लिकर (फ्लिकर म्हणजे हे लुकलुकणं, ते टाळणारं सेटिंग). हे शब्द त्याच्या तोंडून आपणहून आले तर उत्तम. डीजे लेझर आणणार असेल तर त्यालाही सांगून ठेवा: लेझरची तिरीप थेट लेन्समध्ये गेली तर सेन्सर कायमचा जळू शकतो.

शेवटचा प्रश्न कार्डांचा: 'कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं असतात का, आणि दुसरं कशासाठी वापरता?' गोम दुसऱ्या अर्ध्यात आहे. स्लॉट दोन असतात, पण पहिलं भरलं की दुसरं सुरू, असं सेटिंग ठेवलं तर दुसऱ्या कार्डाचा उपयोग शून्य. उत्तर हवं ते 'प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर'. लगेच पुढे विचारा की त्या रात्री कॉपी कुठे-कुठे होते. दोन वेगळ्या डिस्क, शिवाय एक प्रत दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवर, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पद्धत ठरलेली असते तो हे एका दमात सांगतो.

उंटावरचा_शहाणा

लेन्सकॅप यांचं सगळं मान्य. पण एक कोटेशन दुप्पट का, हे लेन्सवरून कळणार नाही. तिन्ही कोटेशनं आधी एका मापाने मोजा.

किती माणसं, किती तास? दोन फोटोग्राफर आणि दोन व्हिडिओवाले दहा तास, आणि एक-एक जण सहा तास, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कागदावर दोन्हीला 'फुल डे' म्हणतात. तास कधीपासून धरता: टीम पोचल्यापासून की पहिल्या फोटोपासून? कार्यक्रम लांबला तर पुढच्या तासाचा दर काय, आणि जादा वेळ थांबायला होकार कोणी द्यायचा? हे आधी ठरलं नसेल तर ऐन गर्दीत कोणीतरी काका 'थांबा हो' म्हणतात आणि बिल तुमच्या नावावर चढतं.

येणार कोण? ज्याचं काम बघून तुम्ही भुललात तोच येणार की त्याच्या स्टुडिओतला दुसरा? नाव करारात लिहून घ्या. दुसराच येणार असेल तर त्याने काढलेली गॅलरी बघायला मागा. त्या दिवशी हा आजारी पडला तर बदली कोण, तोही आत्ताच विचारा; सीझनमध्ये ऐनवेळी रिकामा सापडणारा फोटोग्राफर बहुधा काही कारणाने रिकामा असतो.

'अनलिमिटेड फोटो' ह्या शब्दाला काही अर्थ नाही. दिवसभरात तीन-चार हजार वेळा शटर दाबलं जातं, त्यातले निवडून, रंग दुरुस्त करून किती देणार ते विचारा. साधारण तासाला ५० ते १०० हे रास्त प्रमाण. 'रंग दुरुस्ती' आणि 'रिटचिंग' हेही वेगळं काढा. पहिली सगळ्या फोटोंना असते. दुसऱ्यात डाग घालवणं, मागची वायर पुसणं अशी बारीक कामं येतात आणि ती ठराविक फोटोंनाच करून मिळतात. किती, तो आकडा लिहा.

पैशांबाबत माझं मत थोडं करडं आहे. ऍडव्हान्स, कार्यक्रमाच्या दिवशी मोठा हिस्सा, आणि किमान पाचवा हिस्सा अल्बम हातात आल्यावर. सगळे पैसे लग्नाच्या दिवशी देऊन मोकळं झालात की तुमचं काम रांगेत मागे सरकत जातं. यात लबाडीच असते असं नाही. पुढची लग्नं उभी असतात आणि ज्याचे पैसे अडकलेत ते काम आधी निघतं.

तारीख पुढे ढकलली तर ऍडव्हान्स वळता होतो का, रद्द झालं तर किती परत, फोटोग्राफरनेच रद्द केलं तर काय, आणि फोटो हरवले तर काय. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक करारांत 'भरपाई जास्तीत जास्त घेतलेल्या रकमेइतकी' असं असतं. ते नॉर्मल आहे. पण मुळात कलमच नसेल तर घालून घ्या.

कॉपीराइटचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, त्यामुळे गृहीत काही धरू नका. 'घरगुती वापर, छपाई आणि सोशल मीडियावर टाकायला मुभा' एवढं लिहून घ्या. तुमचे फोटो त्याने जाहिरातीला वापरायचे की नाही, तेही. लहान मुलांचे फोटो वगळा असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

चौकस

बापरे, धन्यवाद! एकाला आत्ताच फोनवर अख्ख्या गॅलरीबद्दल विचारलं. म्हणाला, 'क्लायंटची प्रायव्हसी असते, देता येणार नाही.' हे खरं कारण की पळवाट? आणि रॉ फाइली (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) मागाव्यात का? घरात दोन मतं आहेत.

लेन्सकॅप

कारण खरं असू शकतं. त्याला सांगा, लिंक नको, तुमच्याच ऑफिसात तुमच्याच लॅपटॉपवर वीस मिनिटं बघतो. खरं कारण असेल तर तो तयार होतो. जुन्या क्लायंटशी बोलायला नंबर देणार असेल तर सहा-आठ महिन्यांपूर्वी लग्न झालेलं घर मागा. मागच्या महिन्यात लग्न झालेल्यांच्या हातात अजून काही आलेलंच नसतं, ते काय सांगणार? त्यांना 'काम कसं आहे' विचारू नका. 'कबूल कधी केलं होतं आणि मिळालं कधी' हे विचारा.

रॉ फाइलींचा घरी उपयोग नाही. त्या उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, एडिट केल्याशिवाय फिक्या दिसतात, आणि बरेच फोटोग्राफर देतही नाहीत. तुम्हाला हव्यात त्या पूर्ण रिझोल्यूशनच्या, वॉटरमार्क नसलेल्या जेपेग. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर न कापलेल्या फोटोची लांब बाजू ६००० पिक्सेल यायला हवी. २००० च्या दिल्या असतील तर त्या मोबाइलवर बघायच्या, मोठ्या छपाईच्या नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो म्हणजे डिलिव्हरी नव्हे. तिथे ते दाबले जातात.

उंटावरचा_शहाणा

रॉ नको हे पटतं, पण मूळ फाइली किती महिने सांभाळणार हे लिहून घ्याच. अल्बम रखडला आणि मधेच त्याने डिस्क रिकामी केली, की मग बोलायला तोंड राहत नाही.

ध्वनिवेडा

व्हिडिओकडे कोणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. व्हिडिओत माणसं चित्र बघून भुलतात आणि आवाजात फसतात.

'मुख्य विधीचा आवाज कुठून घेता?' हा माझा पहिला प्रश्न असेल. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये हॉलचा घुमारा, पंखे, खुर्च्या, पुढच्या रांगेतल्या गप्पा असं सगळं येतं, बोलणाऱ्याचा आवाज सोडून. चांगलं उत्तर म्हणजे बोलणाऱ्याच्या कपड्यावर छोटा लॅपल माइक, शिवाय साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी लाइन. दोन्ही हवेत. वायरलेस माइकच्या सिग्नलमध्ये हॉलच्या इतर उपकरणांची खरखर घुसू शकते. त्यावर इलाज म्हणजे अंगावरच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग करणारा माइक. मिक्सरच्या लाइनीत दुसरीच भानगड: साउंडवाल्याने ऐनवेळी आवाज चढवला की रेकॉर्डिंग फाटतं, आणि फाटलेला आवाज धड दुरुस्त होत नाही. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (अचानक चढलेला आवाजही न फाटता टिपणारा) वापरतो म्हणाला तर धोका कमी, पण मिक्सरच्याच आत फाटलेलं तोही वाचवू शकत नाही.

दुसरा प्रश्न, 'मुख्य विधी एका कॅमेऱ्यावर सलग रेकॉर्ड होतो का?' बरेच जुने फोटो-कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, काही तापून बंद पडतात. त्यामुळे स्टँडवर एक कॅमेरा सलग चालू हवाच. वर, कॅमेऱ्याच्या स्लो-मोशन मोडमध्ये बऱ्याचदा आवाज रेकॉर्डच होत नाही. सगळेच व्हिडिओवाले गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणारा हातातला स्टँड) स्लो-मोशन काढत फिरत असतील तर फिल्म देखणी होते, पण कोण काय बोललं ते कुठेच राहत नाही.

फ्लिकर व्हिडिओतही येतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर पन्नासावा किंवा शंभरावा भाग, ६० ची असेल तर साठावा किंवा एकशेविसावा. एवढं त्याने पाळलं तर मेन्सवरच्या साध्या दिव्यांचं लुकलुकणं आटोक्यात राहतं. मंद केलेल्या एलईडींना हे गणित लागू पडेलच असं नाही, म्हणून आधी हॉलवर जाऊन टेस्ट क्लिप घेतो का, तेही विचारा.

काय-काय मिळणार ते नावाने आणि मिनिटांनी लिहा: तीन-चार मिनिटांचा हायलाइट, अर्ध्या-पाऊण तासाची फिल्म, आणि मुख्य विधी अखंड, न कापलेला. तिसरा प्रकार आपणहून कोणी देत नाही, आणि दहा वर्षांनी माणसं तोच शोधतात.

न कापलेलं फुटेज मात्र मी मागा म्हणेन. जागा खूप खातं म्हणून तेच आधी डिलीट होतं. हिशेब सोपा आहे: १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) काढलेलं फोर-के तासाला ४५ जीबी घेतं. तीन कॅमेरे सहा तास चालले तर ८१० जीबी. एक टीबीची डिस्क तुम्हीच द्या, नंतर त्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. डिस्क एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून द्यायला सांगा म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालेल.

गाण्यांचं: सिनेमातलं गाणं लावून फिल्म बनवली तर घरी बघायला अडचण नाही, पण यूट्यूब किंवा इन्स्टावर टाकली की आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडतो. लायसन्स घेतलेल्या संगीतावरची एक आवृत्ती आधीच मागा. एडिट पूर्ण झाल्यावर गाणं बदलायचं म्हणजे सगळे कट पुन्हा बसवायचे, त्याचे पैसे वेगळे लागतात.

ड्रोनचा मोह असेल तर परवानगी कोण काढणार तेवढं लिहा. बंद हॉलमध्ये ड्रोन उडवतो म्हणणाऱ्याला प्रेमाने नाही म्हणा.

शाईदौत

अल्बमवाल्यांच्या बाजूने थोडं. '४० चा अल्बम' म्हणजे ४० पानं की ४० शीट? एका उघडलेल्या शीटला दोन पानं. हा एक शब्द स्पष्ट केला तरी तुमच्या दोन कोटेशनांतला बराचसा फरक उलगडेल. त्याच दमात साइज (बंद की उघडा), कागद, लॅमिनेशन आणि बांधणी विचारा. ले-फ्लॅट बांधणी असेल तर पान सपाट उघडतं. साध्या बांधणीत मधल्या घडीत दीड-दोन सेंटिमीटर गिळलं जातं.

एकच फोटो आडवा दोन्ही पानांवर पसरवायची सगळ्यांना हौस असते. १२ बाय ३६ इंचाची शीट म्हणजे एकास तीन प्रमाण. ६००० बाय ४००० चा फोटो त्यात बसवताना उंचीचा अर्धा भाग कापावा लागतो, उरतात ६००० बाय २०००. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल असले तर उत्तम, इथे मिळतात जेमतेम १६७. हातभर अंतरावरून चालून जातं, पण वर-खाली मोकळी जागा ठेवून काढलेलाच फोटो अशा पानाला चालतो, नाहीतर डोकी किंवा पाय जातात. आणि नवरा-नवरी बरोबर मध्ये उभे असतील तर घडी त्यांच्या मधून, नाहीतर एकाच्या नाकावरून जाते. प्रूफ बघताना पहिली नजर घडीवर टाका.

डिझाइनमध्ये किती वेळा बदल फुकट, ते विचारा. दोन फेऱ्या सहसा मिळतात. फोटो निवडायचं काम तुमच्याकडे येईल तेव्हा ४० शीटना १६० ते २०० फोटो लागतात. निवड फाइल नंबरने द्या, स्क्रीनशॉट पाठवू नका. उशीर झालेले निम्मे अल्बम घरच्यांनी निवड न दिल्यामुळे अडलेले असतात, हेही लिहून ठेवतो. करारात 'निवड मिळाल्यापासून इतके दिवस' असंच असतं, ते नीट वाचा.

चौकस

१६७ वालं गणित आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच आलं नसतं. सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांना पाठवायला प्रश्नांचा एकच कागद करतोय. शेवटची शंका: ग्रुप फोटोंची यादी आधी द्यावी का? घरचे म्हणतात फोटोग्राफरला सगळं कळतं.

लेन्सकॅप

त्याला प्रकाश कळतो, तुमची मावशी कोणती ते कळत नाही. यादी द्या, पण आटोपशीर. एका ग्रुपला माणसं गोळा करून उभी करण्यासकट तीन मिनिटं जातात, म्हणजे वीस ग्रुपना तास. बारा-पंधरावर थांबा. सगळ्यात मोठा ग्रुप आधी घ्या आणि मग माणसं कमी करत जा, म्हणजे पुन्हा बोलवावं लागत नाही. वयस्कर मंडळी पहिल्या काही ग्रुपांत आटपा. दोन्ही बाजूंचा चेहरे ओळखणारा एक-एक जण त्या वेळेपुरता फोटोग्राफरजवळ उभा करा, मोठ्या आवाजाचा असेल तर फारच बरं. आणि फोटो व व्हिडिओ वेगवेगळ्या टीमचे घेणार असाल तर त्या दोघांची गाठ लग्नाआधी घालून द्या. स्टेजसमोरची मधली जागा कोणाची, हे त्यांनी आधी आपसात ठरवलं तर पाहुण्यांना पाठी बघत बसावं लागणार नाही.